ब्रेक वाढलाय

आप्पांच्या हाताखाली कधी काही मोडलं नाही. बिघडलं नाही, तुटलं नाही, निकामी तर मुळीच झालं नाही. घोडनदीच्या काठावर एका कृषी पर्यटन केंद्रात मी काउंटर सांभाळत होते, आणि तिथल्या एटीव्ही गाड्या आप्पांच्या ताब्यात होत्या. त्या गाड्यांना जे काही व्हायचं, ते 'वाढायचं'. चेन वाढायची, क्लच वाढायचा, बॅटरी वाढायची. एकदा एका गाडीचं अख्खं इंजिन वाढलं आणि पुण्याहून दुसरं आणावं लागलं.

आपल्याकडं बायका बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. देवापुढं नारळ फोडत नाहीत, वाढवतात. घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे ते आपापल्या सोयीनं पाळतात. आप्पांनी ते गॅरेजात आणलं आणि तिथं कुणाचीच सोय बघितली नाही.

एटीव्ही म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखी टांग टाकून बसायची गाडी. ती म्हणे कुठंही चालते. कुठंही चालते म्हटल्यावर लोक ती कुठंही घालतात. आमच्या मालकांनी उसाचं एक रान मोडून, म्हणजे आप्पांच्या भाषेत रान मोकळं करून, तिथं वळणावळणाची वाट केली होती. वाट चिंचेच्या झाडापासून निघायची, मुरमाच्या टेकाडावर चढायची आणि उतारानं नदीकडं येऊन डाळिंबाच्या बागेशी वळायची. शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी यायची. काही जण इनामगावची उत्खननात सापडलेली जुनी वस्ती बघायला म्हणून घरून निघालेले असत. तिथं मातीचे उंचवटे आणि बाभळी बघून त्यांचं लवकर आटोपायचं, मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं म्हणून ते आमच्याकडं येत. आप्पांना त्या उत्खननाबद्दल आदर होता. हजारो वर्षांपूर्वीची मडकी निघाली, पण सगळी वाढलेलीच निघाली, असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुण्यांचा समज व्हायचा की मडकी आकारानं मोठी होती.

आप्पा मूळचे दौंड तालुक्यातले, यवतच्या पलीकडचे. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. पुढं जमीन आली, शेती आली, आणि आप्पांना शेतीपेक्षा शेतातलं इंजिन जास्त आवडलं. आधी पाणी उपसायची डिझेल इंजिनं, मग ट्रॅक्टर, आणि साठी उलटल्यावर ह्या गाड्या. अंगानं वाळके, उंच, आणि खांद्यावर बारमाही एक सोलापुरी टॉवेल. तो टॉवेल इतका जाड होता की उन्हाळ्यात त्यांच्याकडं बघून आपल्याला घाम यावा. हात पुसायला ते तो कधी वापरत नसत, हात पँटला पुसत.

वडिलांची एक रीत त्यांनी सोडली नव्हती. कळपात मेंढरं किती, हे परक्याला आकड्यात सांगायचं नाही, दृष्ट लागते. त्यामुळं मालक सकाळी फोनवर विचारायचे, "आप्पा, आज गाड्या किती चालू?" आणि आप्पा म्हणायचे, "हायेत की." किती पण, असं मालकांनी खोदून विचारलं तर उत्तर यायचं, "पुरतील." मग मालक मला फोन करायचे आणि मी शेडपर्यंत चालत जाऊन गाड्या मोजून यायची. बोट दाखवून मोजायची परवानगी नव्हती. डोळ्यांनी मोजायच्या आणि मनात ठेवायच्या.

खरी अडचण मोजण्याची नव्हती. आप्पांचं ठाम मत होतं की यंत्राला ऐकू येतं. चांगलं ऐकू येतं आणि वाईट तर फारच चांगलं ऐकू येतं. म्हणून गाडीच्या दुखण्याबद्दल गाडीसमोर एक शब्द काढायचा नाही. शेडपासून लांब, पाण्याच्या टाकीपलीकडं एक कडुलिंबाचं झाड होतं. जे काही बोलायचं ते तिथं जाऊन बोलायचं. तिथंसुद्धा आवाज हळू, आणि मोडणं हा शब्द नाही तो नाहीच. भर उन्हात कमरेवर हात ठेवून एखाद्या पाहुण्यानं विचारावं, "काय झालंय हिला?" आणि आप्पांनी त्याच्या कोपराला धरून त्याला लिंबाखाली न्यावं, हे मी कितीदा बघितलं. तिथं गेल्यावर ते गंभीरपणे सांगत, "जरा विचारात हाय." म्हणजे इंजिन अडखळतंय. 'रुसलीय' म्हणजे सुरूच होत नाही. 'तापट झालीय' म्हणजे पाणी उकळतंय. आणि सगळ्याच्या वरची पायरी, जिथून पुढं पार्ट बदलण्यावाचून इलाज नाही, ती म्हणजे वाढणं.

शिरूरला ज्या दुकानातून पार्ट यायचे, तो दुकानदारही ही भाषा शिकला होता. आप्पांचा फोन गेला की तोच विचारायचा, "बोला आप्पा, आज काय वाढलं?" मग आप्पा टॉवेलचं टोक तोंडावर धरून पार्टचं नाव सांगत. बरं, एवढं करून पार्ट बरोबर यायचा. त्यामुळं ही भाषा बदलावी असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं, आणि ज्या मला वाटायचं, तिचं कुणी ऐकत नव्हतं.

एकदा पिंपरीकडचा एक तरुण आला. स्वतःची मोठी जीप घेऊन आला होता, आणि ती जीप कुठं कुठं नेली हे त्यानं मला तिकीट घेता घेता सांगितलं. आमच्या गाडीवर बसला, एक्सलेटर पिळला आणि मित्रांना म्हणाला, "खटारा आहे यार." आप्पांनी शांतपणे किल्ली काढून घेतली. मला कळेना, त्यालाही कळेना. आप्पा त्याला म्हणाले, आता ती तुम्हाला घेऊन जायाची न्हाई, आन् गेली तर आनायची न्हाई. आधी तिच्या टाकीवरनं हात फिरवा. त्या पोरानं माझ्याकडं बघितलं. मी काउंटरवरून मान डोलावली, कारण मागं रांग होती. त्यानं हात फिरवला, मित्रांनी त्याचा व्हिडिओ काढला, आणि गाडी एका किकेत, म्हणजे एका बटणात सुरू झाली. ती रोजच व्हायची. पण त्या दिवसापासून आप्पांनी ते उदाहरण म्हणून वापरायला सुरुवात केली.

आप्पांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही, हे सांगायला पाहिजे. नाहीतर लोकांना वाटतं की खेड्यातला मिस्त्री म्हणजे विद्यापीठच. हवेचा फिल्टर ते रोज काढायचे, स्पंज रॉकेलमध्ये पिळून, वाळवून, तेलाचा हात देऊन बसवायचे. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्यावर एवढा फुफाटा उडतो की एक दिवस चुकला तर इंजिन धूळ खातं, हे त्यांचं खरंच होतं. चाकात हवा कमी ठेवायचे, पेट्रोल पंपावर कुणी जास्त भरून आणली तर त्याच्याशी बोलणं सोडायचे. ते सगळं ठीक. पण डिसेंबरात नदीकाठी थंडी पडली की आप्पा गाड्यांच्या रेडिएटरला पोती बांधायचे. गार वारं बाधतं म्हणून. गाड्या टेकाडावर पोचेपर्यंत उकळायच्या आणि पाहुणे चालत परत यायचे. मालकांनी कंपनीचं पुस्तक आणून दाखवलं, त्यात पोत्याचा उल्लेख नव्हता. आप्पा म्हणाले, ताप अंगात राहण्यापेक्षा बाहेर निघाला ते बरं. पोती सुटली ती फेब्रुवारीत, ऊन वाढल्यावर. इथं वाढणं म्हणजे खरंच वाढणं.

मी त्यांच्यावर चिडायची. पाहुण्यांची बोलणी मला खावी लागत. एका दुपारी अशीच गिऱ्हाईक नसताना मी लिंबाखाली त्यांना सरळ विचारलं की आप्पा, तुम्ही एवढे शहाणे, लोखंडाला कुठले कान असतात? बोला की एकदा मोडलं म्हणून.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला. मग बायकोची गोष्ट सांगितली. ती आजारी होती, बरेच दिवस अंथरुणात होती, पण स्वतःच्या हातानं चतकोर भाकरी खायची, दारात कोण आलं गेलं विचारायची. डॉक्टर बघायला आले, आणि तिच्या उशाशीच उभे राहून आप्पांना म्हणाले की आता शरीरात काही राहिलेलं नाही. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. पण त्या संध्याकाळी तिनं भाकरी बाजूला सारली आणि भिंतीकडं तोंड केलं. "आजार तवाबी त्योच व्हता, पोरी," आप्पा म्हणाले, "पन तिच्या कानावर पडायला नको व्हतं. मी त्यांना दारात न्यायला पायजे व्हतं." एवढं बोलून ते उठले आणि फिल्टर धुवायला गेले. त्यानंतर मी त्यांच्यावर चिडणं कमी केलं. बंद नाही केलं.

आता शिवपूजनबद्दल. शिवपूजन बिहारचा, चाळिशीचा, जाड मिशांचा गंभीर माणूस. गावाकडं बायको, म्हातारी आई आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. तिकडचं सगळं घर ह्याच्या नोकरीवर. आमच्याकडं तो आधी जेवणाच्या पंगतीवर वाढपी म्हणून लागला आणि नंतर गाड्यांवर आला. कुठल्या पाहुण्याला कुठली गाडी द्यायची आणि पुढं राहून वाट कशी दाखवायची, हे त्याचं काम. त्याला मराठीचा फार अभिमान होता. पाहुणे हिंदीत बोलायला लागले की तो त्यांना मराठीत उत्तर द्यायचा, मग ते खजील होऊन मराठीत यायचे. त्याचं मराठी स्वयंपाकघरात सुरू झालं होतं. पहिल्या दिवशी आचारी मावशींनी त्याच्या हातात भाताचं पातेलं दिलं आणि म्हणाल्या, "वाढ." शिवपूजनला कळेना काय वाढवायचं. मावशींनी डाव धरून दाखवलं. तो त्याचा पहिला मराठी शब्द. वाढलं म्हणजे समोर आणून ठेवलं, तयार आहे, आता घ्या.

आप्पा त्याच्याशी फारसे बोलत नसत. गरजच पडायची नाही. ज्या गाडीचं काही असेल तिची किल्ली आप्पा स्वतःच्या खिशात ठेवत आणि विषय संपत असे. आजारी गाडी रांगेतून बाजूला मात्र काढायची नाही. वेगळं बांधलेलं जनावर मनानं खचतं, हे वडिलांकडून आलेलं.

त्या रविवारी आप्पांच्या पुतण्याची सुपारी होती, यवतला. सुपारी फोडायला चाललोय असंही ते म्हणाले नाहीत, नुसतं सुपारीला चाललोय म्हणाले. तीन नंबरच्या गाडीच्या ब्रेकच्या तेलाची नळी आदल्या संध्याकाळी चिरली होती. पायाखालचा ब्रेक दाबला की तो थेट तळाला टेकायचा. नवी नळी शिरूरहून सोमवारी येणार होती. नवं धोतर, नवी टोपी ह्या गडबडीत असलेल्या आप्पांनी कामाच्या पँटीतून किल्ली काढलीच नाही. पँट खुंटीला, किल्ली पँटीत, आणि तिची जोडकिल्ली नेहमीप्रमाणं शेडच्या फळीवर. एरवी आप्पा शेडमध्ये असताना त्या फळीला कुणी हात लावत नसे. जाताना त्यांना ती जोडकिल्ली आठवली असावी. एसटी गाठायची होती, लिंबापर्यंत जायला वेळ नव्हता. शेडच्या दारातूनच, आवाज शक्य तितका खाली आणून, ते शिवपूजनला म्हणाले, "तीन नंबरचा ब्रेक वाढलाय. ध्यान ठिव."

शिवपूजननं ध्यान ठेवलं. बाकीच्या गाड्यांपेक्षा हिचा ब्रेक नवा बसवलेला आहे, तयार आहे, तेव्हा जो पाहुणा सगळ्यात घाबरट वाटेल त्याला हीच द्यायची, असं त्यानं ठरवलं आणि फळीवरची जोडकिल्ली काढून घेतली.

सगळ्यात घाबरट निघाले हडपसरचे एक प्राध्यापक. बायकोच्या आग्रहामुळं बसले होते. शिवपूजन त्यांना म्हणाला, सर, ही घ्या, हिचा ब्रेक एकदम चांगला. प्राध्यापक टेकाडावर चढले ते छान चढले. उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. त्यानंतर ते वळणाशी वळले नाहीत, सरळ तारेच्या कुंपणातून डाळिंबाच्या बागेत गेले आणि तिसऱ्या ओळीत गाडीसह आडवे झाले. सगळे धावले. प्राध्यापक शुद्धीवर होते, फक्त उजवा हात नको त्या ठिकाणी वाकला होता. आम्ही त्यांना शिरूरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथं हाताला प्लास्टर घातलं. त्या सगळ्या वेळात ते एकच विचारत होते, ब्रेक का लागला नाही? आणि आमच्यातला प्रत्येक जण सांगत होता, बघतो सर, विचारतो सर.

आप्पा संध्याकाळी परतले, अजून नव्या टोपीतच. मी त्यांना फाटकातच गाठलं आणि सगळं सांगितलं. ते जिथं होते तिथं बसले. मग खालच्या आवाजात विचारलं, "हात वाढला का?"

"वाढला नाही," मी म्हणाले, "मोडला." मला त्या वेळी त्यांचा खरंच राग आला होता.

मालकांनी सगळ्यांना जेवणाच्या शेडमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. प्राध्यापकांच्या बायकोनं फोनवर सांगितलं होतं की आम्ही उद्या सकाळी येतोय, काय झालं ते सरळ सांगा, नाहीतर आम्ही पोलीस चौकीत जातो. मालकांनी शिवपूजनला विचारलं, गाडी कुणी दिली? शिवपूजन म्हणाला, मी दिली. का दिली? आप्पा म्हणाले होते ब्रेक वाढलाय. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. मालक आप्पांकडं वळले. "तुम्ही काय सांगितलं होतं ह्याला?"

"वाढलाय म्हनून सांगितलं व्हतं," आप्पा म्हणाले.

ते खरंच होतं. वाढलाय म्हणजे काय हे मालकांना कळत होतं, मला कळत होतं, शिरूरच्या दुकानदाराला कळत होतं. इतकी वर्षं इथं राहून तुला एवढं कळू नये, असं मालक शिवपूजनला म्हणाले. मग त्यांनी निर्णय दिला. उद्या पाहुण्यांना सांगायचं की कामगाराची चूक झाली, त्याला काढून टाकलंय. शिवपूजननं सामान बांधायचं आणि दुपारच्या टेम्पोनं दौंडला जाऊन तिकडची गाडी पकडायची. आप्पा खाली बघत होते. त्यांनी मान वर केली नाही आणि तोंडही उघडलं नाही.

सकाळी शिवपूजन बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला होता. नोकरी गेल्याचं त्याच्या चेहऱ्यावर होतंच, पण त्याला दुसरंच काहीतरी टोचत होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, माझं मराठी चुकलं का? वाढलं म्हणजे तर तयार ठेवलं. भात वाढला, आमटी वाढली. ब्रेक वाढला म्हणजे मी समजलो, ब्रेक नवा बसवून ठेवला." मी म्हणाले, तुझं काही चुकलं नाही. त्याला ते पटलं नाही. इतकी वर्षं आपण पाहुण्यांशी ऐटीत बोललो आणि पहिलाच शब्द चुकीचा शिकलो, असं तो म्हणाला, आणि कपातल्या चहाकडं बघत राहिला.

आप्पा मागं चुलीपाशी पाणी घ्यायला आले होते. त्यांनी ऐकलं, हे मी बघितलं. तांब्या तसाच ठेवून ते शेडकडं गेले.

प्राध्यापक आले. हात गळ्यात, सोबत बायको. मालकांनी त्यांना ऑफिसात बसवायचा प्रयत्न केला, पण त्यांना गाडी बघायची होती. म्हणून आम्ही सगळे शेडमध्ये गेलो. तीन नंबर तिच्या जागेवर रांगेत उभी होती, पुढचा पत्रा वाकलेला, चाकात डाळिंबाची डहाळी. मालकांनी पाठ केलेलं सुरू केलं, कामगाराची चूक झाली वगैरे. प्राध्यापकांनी त्यांना थांबवलं. "मला एवढंच सांगा, ब्रेक नादुरुस्त आहे हे कुणाला माहीत होतं का?"

मग आप्पा पुढं झाले आणि म्हणाले, जरा तिकडं लिंबाखाली या, सांगतो.

"मला झाडाखाली नाही यायचं," प्राध्यापक म्हणाले. "इथंच सांगा. गाडी इथं आहे, मी इथं आहे."

आप्पांनी गाडीकडं बघितलं, मग बाहेर पायरीवर बसलेल्या शिवपूजनकडं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. तो उलगडून तीन नंबरच्या हँडलवर पसरला, दिव्यावरून खाली घेतला, दोन्ही बाजूंनी नीट खोचला. आजारी माणसाच्या डोक्यावरून पांघरूण घ्यावं तसा.

"ब्रेक मोडला व्हता," आप्पा म्हणाले. "आदल्या दिशीच मोडला व्हता. मला म्हाईत व्हतं. मी ह्या मानसाला नीट सांगितलं न्हाई. त्यानं मी सांगितलं तसंच केलं. चूक माझी हाय."

मोडला हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो त्यांना नीट म्हणताही आला नाही. पहिल्यांदा 'मो'वरच आवाज अडकला आणि दुसऱ्यांदा बाहेर पडला. मीच त्यांना एकदा म्हणाले होते, बोला की एकदा मोडलं म्हणून.

"नीट सांगितलं नाही म्हणजे?" प्राध्यापकांनी विचारलं. आप्पांना ते समजावून सांगता येईना, म्हणून मीच सांगितलं. वाढणं, मोडणं, कान, लिंब, सगळं. प्राध्यापक बराच वेळ टॉवेलकडं बघत राहिले.

"म्हणजे गाडीला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही माझा हात मोडलात?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

प्राध्यापकांची बायको काहीतरी बोलणार होती, पण त्यांनी डावा हात वर केला. ते म्हणाले, कालपासून मी दहा जणांना विचारतोय आणि दहाही जण गोल गोल बोलतायत. कुणीतरी सरळ सांगावं, एवढंच पाहिजे होतं. चौकीत नाही जात मी. त्यांनी चहा मागितला. मालकांनी स्वतः आणून दिला, दवाखान्याचा खर्च आमच्याकडं असं तीन वेळा सांगितलं, आणि शिवपूजनकडं न बघता मला म्हणाले की टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग. शिवपूजनची बॅग आप्पांनी उचलली. त्याच्या खोलीत नेऊन ठेवली आणि दार लोटून घेतलं.

तीन नंबरला नवी नळी बसली. सगळं कानावर पडूनही ती पुढं कधी रुसली नाही, तापली नाही, की विचारात पडली नाही. मी नोकरी सोडून पुण्याला आले तोवर तरी तिच्याइतकी भरवशाची दुसरी गाडी शेडमध्ये नव्हती. मी आप्पांना त्याबद्दल छेडलं होतं, की बघा, ऐकलं तरी काही झालं नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "टावेल जाड व्हता."

पण हे नंतरचं. त्या दुपारी पाहुणे गेल्यावर आप्पा पंगतीच्या शेवटी एकटे बसले होते. आदल्या संध्याकाळपासून ते जेवले नव्हते. वाढपी कमी होता, म्हणून शिवपूजननंच भाकरीची टोपली उचलली आणि ओळीनं वाढत वाढत तो आप्पांपर्यंत आला. दोघांनी सकाळपासून एकमेकांशी शब्द काढला नव्हता. शिवपूजन टोपली धरून उभा राहिला. त्यानं भाकरी उचलली, पण ताटात ठेवली नाही. जरा चाचरत, शब्द बरोबर आहे का ह्याची खात्री नसल्यासारखं, त्यानं विचारलं, "आप्पा, वाढू?"

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं.

"वाढ," ते म्हणाले. मग त्यांनी ताट त्याच्याकडं सरकवलं, आणि आजूबाजूला कुणाचा गैरसमज नको म्हणून जरा मोठ्यानं म्हणाले, "म्हंजी, भाकर दे."